मद्यास्वाद, प्रादेशिक : सिंधुदुर्ग व गोवा किनारा

मद्याचा रंग, गंध, चव व तीव्रता यांवरून त्याचा कस, त्यासाठी वापरलेला कच्चा माल आणि त्याचा उगम-प्रदेश ओळखण्याच्या कौशल्यास मद्यपरीक्षा किंवा मद्यास्वाद म्हणतात. द्राक्षमद्याच्या संदर्भात हे कौशल्य यूरोपात विशेष विकसित झाले; तथापि प्रदेशपरत्वे मद्यांत भेद करण्याची दृष्टी भारतातही प्राचीन काळापासून आढळते. मालवणपासून तेरेखोल नदीपर्यंतच्या आणि तिच्या पलीकडील गोव्याच्या किनाऱ्यावर माडी, माडाची दारू व काजूची दारू यांसंबंधीची अशीच पारख भंडारी व बागायतदार कुटुंबांत मौखिक परंपरेने चालत आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शासनव्यवस्थेने या मद्यांचा विचार महसूल किंवा व्यसन या दोनच दृष्टींनी केला. परिणामी मुळात एक असलेल्या या परंपरेला नदीच्या एका बाजूस कालांतराने मान्यता लाभली, तर दुसऱ्या बाजूस ती गुन्ह्याच्या सदरात गेली.

परीक्षेची तत्त्वे : द्राक्षमद्याची परीक्षा सामान्यतः तीन टप्प्यांत होते. प्रथम पेला प्रकाशात धरून रंग व स्वच्छता पाहतात. मग पेला हलकेच फिरवून गंध घेतात. शेवटी घोट जिभेवर खेळवून गोडी, आंबटपणा, तुरटपणा, मद्यार्काची ऊब आणि घोट गिळल्यानंतर मागे राहणारी चव यांची नोंद घेतात. यांतील पुष्कळसे गुणधर्म प्रदेशावर अवलंबून असतात. थंड हवेतील द्राक्षांत आम्ल अधिक टिकते, तर उष्ण हवेतील द्राक्षांत साखर अधिक भरते व त्यामुळे मद्य तीव्र होते. जमिनीचा निचरा, पाऊस व तोडणीचा हंगाम यांचाही परिणाम होतो. म्हणूनच द्राक्षमद्ये बहुधा गावाच्या वा खोऱ्याच्या नावाने ओळखली जातात. या नावांना कायद्याचे संरक्षण देण्याचा एक आरंभीचा व महत्त्वाचा प्रयत्न पोर्तुगालमध्ये झाला. तेथे १७५६ मध्ये पोर्ट मद्यासाठी दोरू नदीच्या खोऱ्याची सीमा आखून देण्यात आली. फ्रान्समध्ये बोर्दो मद्यांची श्रेणीवार वर्गवारी १८५५ साली झाली आणि उगम-प्रदेशाच्या नावांविषयीची राष्ट्रीय व्यवस्था १९३५ मध्ये अस्तित्वात आली.

प्राचीन वाङ्मयातील उल्लेख : पाणिनीच्या अष्टाध्यायीत कापिशी या नगरीच्या नावावरून ‘कापिशायन’ हा शब्द सिद्ध करणारे सूत्र आहे, तेथील द्राक्षे व मद्य यांना हे विशेषण लागत असल्याचे टीकाकार सांगतात. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्राम परिसर होय. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधू असे मद्याचे प्रकार घटकद्रव्यांसह दिले आहेत. त्यांतील मधू म्हणजे द्राक्षरसाचे मद्य असून ते ज्या देशात होते त्यावरूनच त्याला कापिशायन व हारहूरक ही नावे मिळतात, असे तेथे स्पष्ट केले आहे. याच प्रकरणात मद्यविक्रीवर राज्याचे नियंत्रण, पानगृहांची व्यवस्था व अपराधांबद्दल दंड यांचेही नियम आहेत. म्हणजे महसूल व नियंत्रण यांची काळजी घेणाऱ्या या ग्रंथात मद्यांच्या गुणभेदांचीही नोंद आहे, ही बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे.

चरकसंहितेत धान्ये, फळे, मुळे, फुले, साली इ. नऊ प्रकारच्या उगमांपासून होणारी चौऱ्यांशी आसवे सांगितली आहेत, तर सुश्रुतसंहितेतील मद्यवर्गात निरनिराळ्या मद्यांचे गुणदोष दिले आहेत. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूचे सैनिक कलिंगाच्या भूमीवर नारळीचे आसव पितात व पश्चिमेकडील पारसीकांवरील विजयानंतर द्राक्षांच्या मळ्यांत द्राक्षमद्याने श्रम घालवितात, असे वर्णन केले आहे. किनारा बदलला की पेय बदलते, ही जाण त्यामागे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या क्रीडांमध्ये मधुपानक्रीडेचाही अंतर्भाव आहे.

सागरी व्यापार : पश्चिम किनाऱ्यावर परदेशी मद्ये येत असल्याचा महत्त्वाचा लेखी पुरावा ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रिअन सी’ या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात मिळतो. बारिगाझा म्हणजे भडोच येथे आयात होणाऱ्या मालात मद्याचा उल्लेख असून त्यात इटलीच्या मद्याला प्राधान्य होते व त्याखेरीज लाओदिसिया आणि अरबस्तान येथील मद्येही खपत, असे तो सांगतो. तीन प्रदेशांची मद्ये एकाच बाजारात येत आणि त्यांत ग्राहकाची निश्चित पसंती असे, हे यावरून दिसते. याच ग्रंथात कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांची मालिकाही दिली आहे. त्यांपैकी चौलनंतरच्या बंदरांच्या निश्चितीबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. नेवासे, तेर इ. ठिकाणी सापडलेली दोन कानांच्या उंच मद्यकुंभांची खापरे या व्यापाराची साक्ष देतात. अलीकडील परीक्षणात, पूर्वी सरसकट रोमन समजल्या गेलेल्या अशा खापरांपैकी बरीच मेसोपोटेमियाकडील कुंभांची असल्याचे दिसून आले आहे. त्यामुळे भूमध्य समुद्राबरोबर इराणी आखातातूनही मद्य व तत्सम पदार्थ येत असावेत, असे अनुमान निघते.

कोकणात मात्र द्राक्षमद्याचे उत्पादन रुजणे शक्य नव्हते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो, जमीन जांभ्याची व हवा बाराही महिने दमट. अशा हवेत द्राक्षवेल टिकत नाही. त्यामुळे येथील मद्यपरंपरा माड व ताड या वृक्षांभोवती आणि सोळाव्या शतकानंतर काजूभोवती उभी राहिली.

माडी व तिची पारख : नारळाच्या न उमललेल्या पोयीतून पाझरणाऱ्या गोड रसापासून माडी तयार होते. पोय दोराने घट्ट आवळून काही दिवस हलक्या हाताने ठोकतात. नंतर तिचे टोक कापून त्याखाली मडके बांधतात. रस वाहता राहावा म्हणून टोकाचा पातळ काप दररोज काढावा लागतो. सकाळ-संध्याकाळ माडावर चढून रस उतरविणे हे मालवण-वेंगुर्ले भागात परंपरेने भंडारी समाजाचे काम. या समाजातील पुरुष दर्यावर्दी व लढवय्ये म्हणूनही प्रसिद्ध होते. शिवकालीन आरमारातील मायनाक भंडारी हे त्याचे ठळक उदाहरण होय. मडक्यास आतून चुना लावल्यास रस आंबत नाही व त्यास नीरा म्हणतात. चुना न लावल्यास हवेतील व मडक्यातील किण्वांमुळे रस झाडावरच आंबू लागतो. गोव्यात या पेयास ‘सूर’ म्हणतात. तेथे पाव व सान्ने फुगविण्यासाठीही ते वापरीत.

द्राक्षमद्याचे वय वर्षांत मोजतात, माडीचे प्रहरांत. पहाटे उतरविलेली माडी गोडसर, दुधाळ व किंचित फसफसणारी असते. दुपारपर्यंत तिची गोडी उतरून मद्यार्क वाढतो. संध्याकाळी ती आंबट व उग्र लागते आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा शिरका होऊ लागतो. झाड, ऋतू, मडक्याची स्वच्छता व उतरविल्यापासून गेलेला वेळ यांवर तिची चव अवलंबून असते. त्यामुळे जाणता ग्राहक माडी कोणत्या माडाची व कोणत्या वेळची, हे विचारूनच घेई. दूरवर नेण्याजोगे हे पेय नसल्याने त्याची कीर्ती गावाबाहेर गेली नाही आणि त्याच्या गुणांचे वर्णन करणारा लेखी शब्दसंग्रहही निर्माण झाला नाही. जे ज्ञान होते ते चढणाऱ्याच्या हातात व पिणाऱ्याच्या जिभेवर राहिले.

ऊर्ध्वपातित मद्ये : माडीचे ऊर्ध्वपातन करून दारू काढण्याची पद्धत या किनाऱ्यावर सोळाव्या शतकात सर्रास चालू होती. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात नारळाच्या प्रकरणात तिचे वर्णन केले आहे. सूर उकळून काढलेल्या पहिल्या, उत्तम अर्कात बुडविलेली चिंधी पेट घेते. या अर्कास ‘फूल’ म्हणतात व उरलेल्या हलक्या प्रतीस ‘उर्राक’, असे तो सांगतो. ही नोंद दोन कारणांनी मोलाची आहे. एक तर फूल हा शब्द येथल्याच भाषेतला असल्याने प्रतवारीही येथल्याच लोकांची होती, हे स्पष्ट होते. दुसरे म्हणजे चिंधी पेटवून तीव्रता पाहणे ही एक रीतसर परीक्षा होती. मराठीतील ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग याच प्रतवारीचा अवशेष मानता येतो. सुरतेच्या प्रवासास १६८९ मध्ये निघालेला इंग्रज धर्मोपदेशक ओव्हिंग्टन याने गोव्याचा व बंगालचा अर्क यांची तुलना करून बंगालचा अर्क अधिक तीव्र असल्याचे नोंदविले आहे. यावरून या काळात परदेशी व्यापारीही भारतीय अर्कांमध्ये प्रदेशानुसार भेद करीत, हे दिसते.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणले. त्याच्या बोंडापासून दारू काढण्याची प्रक्रिया माडाच्या दारूच्या जुन्या तंत्रावरच बेतलेली आहे. हंगामात, म्हणजे साधारणपणे मार्च ते मे या काळात, झाडावरून आपोआप गळलेली पक्व बोंडे गोळा करून दगडी कुंडात पायांनी तुडवितात. लगद्यावर वजन ठेवून निथळलेला स्वच्छ रस ‘नीरो’ म्हणून पितात, तर उरलेला रस भांड्यांत आंबवितात. आंबलेल्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून उर्राक मिळते. ते सौम्य, फळाचा ताजा गंध असलेले व फार काळ न टिकणारे असल्याने हंगामातच प्यावे लागते. पुन्हा ऊर्ध्वपातन केल्यावर फेणी मिळते. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण सु. ४२ ते ४५ टक्के असते. फेणी हे नाव ‘फेन’ म्हणजे फेस या शब्दावरून आले असावे, असे मानतात. दारू ओतताना उठणारे बुडबुडे किती टिकतात यावरून तिची तीव्रता ठरविण्याची जुनी पद्धत या व्युत्पत्तीशी जुळते.

महसूलदृष्टी : गोव्यात माडी काढणाऱ्यास ‘रेंदेर’ म्हणतात. हा शब्द खंड वा मक्ता या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून आला आहे. म्हणजे कारागिराचे नावच करावरून पडले. ज्या पोर्तुगीज सत्तेने दोरूच्या खोऱ्यातील मद्याच्या नावाला १७५६ मध्ये संरक्षण दिले, तिला गोव्यातील माडाचे मद्य हे प्रामुख्याने उत्पन्नाचे साधन होते. पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि तेरेखोल नदी ही दोन सत्तांमधील सीमा बनली. नदीच्या उत्तर तीरावरील तेरेखोलचा किल्ला मात्र १७४६ पासूनच पोर्तुगीजांकडे होता. मालवण व वेंगुर्ले ही बंदरे १८१२ मध्ये अनुक्रमे कोल्हापूर व सावंतवाडी या संस्थानांकडून इंग्रजांकडे आली.

मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने माड व ताड छेदण्यासाठी परवाना, दर झाडामागे कर, विक्रीचे मक्ते व दारू गाळण्यावर सरकारी देखरेख अशी व्यवस्था आली. त्याच वर्षीच्या ब्रिटिश-पोर्तुगीज तहान्वये १८८० ते १८९२ या काळात गोव्यातील मीठ व अबकारी व्यवस्थाही ब्रिटिश पद्धतीशी जुळती करण्यात आली. तेव्हा नदीच्या दोन्ही तीरांवर काही काळ एकसारखेच निर्बंध होते. या व्यवस्थेत माडाची किंमत त्यावरील करावरून ठरू लागली. अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाने मद्यांचे प्रकार व घटक नोंदविले होते. नव्या अबकारी खात्याच्या हिशेबात झाडे, परवाने, तीव्रता व रक्कम यांच्या नोंदी असत. माडी कोणत्या गावची, यास त्यात स्थान नव्हते.

दारूबंदी : मद्यामुळे होणारी कुटुंबांची धूळधाण हा एकोणिसाव्या शतकापासून महाराष्ट्रातील समाजसुधारकांच्या चिंतेचा विषय होता. जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुण्यातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेस लिहिले. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. सरकार महसुलासाठी दारूचा प्रसार करते, हा या चळवळींचा मुख्य आक्षेप होता. त्यात तथ्य होते आणि आजही व्यसनाच्या प्रश्नाचे गांभीर्य कमी झालेले नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये संमत झाला व १९५० पासून राज्यभर दारूबंदी अंमलात आली. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्येही मादक पेयांच्या बंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झालेले असल्याने आजचा संपूर्ण सिंधुदुर्ग प्रदेश या कायद्याखाली आला. (सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला.)

या कायद्याने माडी काढणाऱ्यांपुढे नीरा व ताडगूळ यांचा पर्याय ठेवण्यात आला. परंतु नीरा काही तासांतच आंबत असल्याने खेड्यापाड्यांतून तिची विक्री फारशी फायद्याची ठरली नाही. व्यवसाय सोडून अनेक कुटुंबे मुंबईकडे वळली. चोरून गाळल्या जाणाऱ्या दारूत वेगाला व लपविण्याला महत्त्व आले. सावकाश आंबविणे व धारा वेगळ्या ठेवणे यांना उरले नाही. महाराष्ट्रात १९६० नंतरच्या दशकात दारूबंदीचे निर्बंध सैल झाले व १९७३ मध्ये देशी मद्याचे नियम झाले. तथापि या नियमांखाली परवानाधारक कारखान्यांत बनणारे देशी मद्य मुख्यतः मळीच्या मद्यार्कापासून बनते. दारू पुन्हा कायदेशीर झाली, पण किनाऱ्यावरची दारू नव्हे.

गोव्यातील वाटचाल : गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. तेथे दारूबंदी लागू न होता १९६४ च्या अबकारी अधिनियमाखाली लहान भट्ट्या परवान्याने चालू राहिल्या. त्यामुळे उर्राक व फेणी यांतील भेद, हंगामाची जाण व गावोगावच्या भट्ट्यांची ख्याती टिकून राहिली. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्य शासनाने तिला वारसा-मद्याचा दर्जा दिला. दोरूच्या सीमांकनानंतर सु. अडीच शतकांनी या किनाऱ्यावरील एका मद्याला त्याच्या प्रदेशाच्या नावाचे संरक्षण लाभले.

महाराष्ट्रात असा दर्जा प्रथम द्राक्षमद्यास मिळाला. नारायणगाव परिसरात १९८० नंतरच्या दशकात व नाशिकमध्ये विशेषतः २००० सालापासून द्राक्षमद्यांचे उत्पादन वाढले. शासनाच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणाने त्यास करसवलती दिल्या आणि विंचूर व पलूस येथे वाइन उद्याने स्थापन झाली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावासही भौगोलिक निर्देशांकन प्राप्त झाले. नाशिकच्या मद्यालयांतून पाहुण्यांना पेला कसा धरावा, गंध कसा घ्यावा व निरनिराळ्या जातींच्या द्राक्षांची मद्ये कशी ओळखावीत, हे शिकविले जाते. मद्यास्वादाचा मराठी शब्दसंग्रह या निमित्ताने प्रथमच घडत आहे. तो द्राक्षांपुरता मर्यादित आहे.

काजूचे बोंड व सद्यःस्थिती : सिंधुदुर्ग हा महाराष्ट्रातील प्रमुख काजू-उत्पादक जिल्हा आहे. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या अनेक सुधारित जाती विकसित केल्या, तर १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग योजनेमुळे लागवडीचे क्षेत्र वाढले. मात्र या लागवडीचे मोल बीवरून ठरते. बोंडाचे वजन बीच्या सहा ते आठ पट असते, ते तुरट असते व तोडल्यावर एक-दोन दिवसांत नासते. म्हणून बहुतेक बोंडे बागेतच कुजतात. दोडामार्ग, सावंतवाडी या सीमावर्ती भागांतील काही बोंडे गोव्यातील भट्ट्यांकडे जातात. तेथे त्यांच्या रसाची फेणी होते. तोच रस नदीच्या अलीकडे गाळला, तर भौगोलिक निर्देशांकनाच्या नियमाने त्यास फेणी म्हणता येत नाही आणि परवाना नसल्यास ती हातभट्टीची दारू ठरते.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये काजूची बोंडे व मोहाची फुले यांसारख्या स्थानिक पदार्थांपासून होणाऱ्या मद्यास देशी मद्याऐवजी विदेशी मद्याच्या वर्गात घेण्याचा निर्णय केला. या मद्यांना प्रतिष्ठा व बाजार मिळावा, हा त्यामागील हेतू होता. परंतु वर्गवारीचा हा बदल म्हणजे मद्यपरंपरेची नोंद नव्हे. उगम-प्रदेशाचे नाव मिळण्यासाठी कोणत्या गावात, कोणत्या पद्धतीने, कोणत्या भांड्यांत व कोणत्या हंगामात मद्य बनते याचे लेखी वर्णन आवश्यक असते. गोव्यात असे वर्णन करणे शक्य झाले, कारण तेथील भट्ट्या चालू होत्या. मालवण, वेंगुर्ले व दोडामार्ग भागांत पोय बांधणे, माडीचा प्रहर ओळखणे व धारा वेगळ्या ठेवणे यांचे ज्ञान असलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांच्याकडील माहिती व शब्द नोंदवून ठेवणे हे मद्यविषयक धोरण कोणतेही असले, तरी किनाऱ्याच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे.